इंजिन बदललं आणि गाडी स्टार्ट होईना

माउंटिंगचे बोल्ट आवळले, ऑइल भरलं, कुलंट भरलं, बॅटरीचे टर्मिनल बसवले, चावी फिरवली. आणि गाडी गप्प. किंवा सेल्फ घर्र-घर्र फिरतोय, पण इंजिन फायर घेत नाही. ठाण्यात वागळे इस्टेटला माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. या क्षणी मेकॅनिक आणि गाडीचा मालक दोघंही काय करतात ते मला पाठ आहे: पुन्हा सेल्फ मारतात. मग पुन्हा. बॅटरी बसेपर्यंत.

म्हणून सगळ्यात आधी चावी काढा आणि खिशात टाका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, कारण इथेच चांगलं इंजिन खराब होतं. फायर होत नसताना सेल्फ मारत राहिलं की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं, आणि मग खरा दोष सापडला तरी गाडी उठत नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या लाइनमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतं आणि गाडी स्टार्ट झाली की तिथे पेटतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, आणि पुढच्या वेळेआधी निदान अर्धा मिनिट थांबायचं. धक्का तर बिलकुल मारू नका. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा, चुकीचा बसला असेल तर धक्क्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

चावी खिशात गेली की बॉनेट उघडून नाकानं काम करा. पेट्रोलचा वास येतोय का? फ्यूल रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या, जोडावर ओल दिसते का? पाइपची क्लिप नीट बसली नसेल तर पंप चालू होताच पेट्रोल गरम भागावर उडतं. वास येत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, आधी तो जोड बघा, बाकी सगळं नंतर.

आता मुद्द्याचं. इंजिन बदलल्यावर गाडी स्टार्ट होत नाही तेव्हा लोक इंजिनावर संशय घेतात, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्या दिवशी इंजिन बदललं नेमका त्याच दिवशी धडधाकट सेन्सर किंवा ईसीएम आपोआप मरेल, असं फार क्वचित होतं. पण त्या दोन-तीन दिवसांत आपल्या हातानं तीस-चाळीस कपलर, म्हणजे वायरींचे प्लास्टिकचे जोड, निघाले, पाच-सहा अर्थिंगच्या वायरी सुटल्या, तेवढेच पाइप निघाले. दोष त्यांतच असतो. त्यामुळे एक कागद घ्या आणि इंजिन उतरवताना काय काय खोललं ते आठवून लिहा, बॅटरीपासून सुरुवात करून. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते समोर ठेवा. माझ्याकडची पोरं आता प्रत्येक कपलरला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर नंबर टाकतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अख्खा दिवस वाचतो.

मग एकदाच, फक्त तीन-चार सेकंद, सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका. सेल्फ फिरतच नाही, सेल्फ फिरतो पण फायर नाही, किंवा स्टार्ट होऊन लगेच बंद पडते. तिन्हीची कारणं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ केली की माणूस भरकटतो.

सेल्फ फिरत नाही, नुसता कट-कट आवाज

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. कळव्याच्या एका शाळेतल्या बाईंची जुनी स्विफ्ट, तेराशे सीसी पेट्रोल. वंदना सिनेमाजवळ पाणी तुंबलं होतं, त्यात गाडी बंद पडली. बाईंनी घाबरून पुन्हा सेल्फ मारला. तोवर हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला आणि ब्लॉकही गेला. नवीन इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून स्क्रॅपमधून त्याच मॉडेलचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. आम्ही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बसवलं. बाईंना सोमवारी शाळेला गाडी हवी होती.

चावी फिरवली तर कट. पुन्हा कट. डॅशबोर्डचे दिवे जरा मंद झाले, एवढंच. पोरगा म्हणाला, दादा, सेल्फ गेला. मी मल्टीमीटर आणायला सांगितलं. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ दाखवते, म्हणजे बॅटरी ठीक. आता त्याला सेल्फ मारायला सांगून मी बॅटरीच्या खांबांवर मीटर धरला. ११.९. ही खूण लक्षात ठेवा. सेल्फ जॅम असता तर त्यानं भरमसाट करंट ओढला असता आणि बॅटरी ९ च्या खाली गेली असती. इथे व्होल्टेज पडतच नव्हतं, म्हणजे सेल्फपर्यंत करंट पुरेसा पोचत नव्हता. वाट कुठेतरी अडली होती.

वाटा दोनच. पॉझिटिव्हची जाड वायर जाताना, नाहीतर निगेटिव्हची अर्थिंग परतताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवलं, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, ब्लॉकचा रंग खरवडून उघड्या धातूवर. सेल्फ मारताना हे दोन्ही जवळजवळ एकच असायला हवेत, अर्ध्या व्होल्टच्या आत. मीटरवर सहाच्या वर आकडा आला. तेवढ्यात पोरगा ओरडला. त्याचा हात क्लचच्या केबलला लागला होता आणि ती चटका बसण्याइतकी तापली होती.

अर्थिंगची वायर लावलेली होती. बोल्ट घट्ट होता. हलवून बघितली, हलत नव्हती. पण इंजिन विकणाऱ्यानं डिझेलनं धुऊन अख्ख्या गिअरबॉक्सला चंदेरी रंग मारला होता, नव्यासारखा दिसावा म्हणून. जिथे अर्थिंगचा बोल्ट बसतो तिथल्या आट्यांतही रंग गेला होता. वायरचा गोल टर्मिनल धातूला टेकलाच नव्हता, रंगाच्या थरावर बसला होता. सेल्फला लागतो शंभर-दीडशे अँपिअर करंट. त्याला परतीचा रस्ता मिळेना, म्हणून तो बारीक क्लच केबलमधून बॉडीत आणि तिथून बॅटरीत जायला बघत होता.

बोल्ट काढला, जागा सँडपेपरनं घासून चकचकीत धातू वर आणला, आट्यांत टॅप फिरवून रंग काढला, टर्मिनलची दोन्ही अंगं घासली, आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं, गंज येऊ नये म्हणून. पुन्हा मीटर धरला: ०.२. सेल्फ दणकून फिरला. क्लच केबल मात्र आतून भाजली होती, ती बदलावी लागली.

तेव्हापासून माझ्याकडे रंगवलेलं इंजिन आलं की गाडीत उतरवण्याआधी अर्थिंगच्या सगळ्या जागा आणि सेल्फ बसतो ती जागा घासून घेतो. सेल्फला स्वतःची निगेटिव्ह वायर नसते. तो ज्या धातूवर बसतो तीच त्याची अर्थिंग.

अर्थिंग नीट असूनही फिरत नसेल तर सेल्फवर येणारी बारीक वायर बघा. जाड वायर सगळे लावतात, कारण ती डोळ्यात भरते. चावी फिरवल्यावर सेल्फला जागं करणारी बारीक वायर मात्र खाली लोंबत राहते. टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा, त्या वायरवर दिवा लागला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या स्विचचा कपलर राहिला तरी सेल्फ मरतो, कारण गाडी पार्किंगमध्ये आहे हे त्याला कळतच नाही.

आणि करंट पोचतोय, व्होल्टेज धाडकन खाली जातंय, तरी फिरत नाही? मग इंजिन खरंच अडलंय. सगळे प्लग काढा, गिअर न्यूट्रल करा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेनं हातानं फिरवा. पूर्ण दोन फेरे सहज फिरलं पाहिजे. मध्येच टणक अडलं तर जोर लावू नका. बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या कव्हरमध्ये, चुकीच्या लांबीचा बोल्ट गेलाय का, सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साठलंय का, टायमिंग चुकून व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय का, ते बघा. खरं तर हे दोन फेरे गाडीत इंजिन उतरवण्याआधीच फिरवून घ्यावेत.

सेल्फ फिरतो, फायर नाही

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून क्रम पाळा. आधी जे नुसतं बघून कळतं ते, मग जे मोजून कळतं ते, आणि खोलून बघायचं ते शेवटी.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. इंजिनचा चेक लाइट लागतो का? लागत नसेल तर ईसीएमला सप्लाय नाही किंवा अर्थिंग नाही, आणि पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. मेन रिले, फ्यूज आणि ईसीएमची अर्थिंग बघा. बऱ्याच गाड्यांत ईसीएमच्या अर्थिंगच्या वायरी थेट इंजिनावर, इनटेक मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरना हवा नेणारे पाइप) एका छोट्या बोल्टवर असतात. दोन-तीन काळ्या वायरींचा मिळून एक गोल टर्मिनल, दहाच्या पान्याचा बोल्ट. इंजिन बसवताना तो हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, मागे दडतो आणि विसरला जातो. वर रंगाची भानगड इथेही आहेच.

मग कान द्या. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू यायला हवी. रस्त्यावरचा आवाज असेल तर कुणाला तरी टाकीजवळ कान लावून बसवा. घूं नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले. रिले त्याच बॉक्समधल्या दुसऱ्या सारख्या रिलेशी, समजा हॉर्नच्या, अदलाबदल करून बघता येतो. एक पैसा लागत नाही.

चावीच्या चित्राचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय? मग इमोबिलायझर. चावीतली चिप आणि ईसीएम यांची ओळख एकमेकांशी बांधलेली असते. लोक इंजिनासोबत त्या गाडीचा ईसीएमही घेऊन येतात, "मॅचिंग सेट" म्हणून, आणि तो तुमची चावी ओळखत नाही. इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं असेल तर आपल्या गाडीचा ईसीएम, आपलं हार्नेस आणि आपले सेन्सर ठेवा. इंजिनावरचे सेन्सर जरी चांगले दिसले तरी आधी आपले बसवा, कारण आपले चालत होते हे आपल्याला माहीत आहे.

आता स्कॅनर लावा. हल्ली ब्लूटूथचे छोटे स्कॅनर मोबाइलवर चालतात, तेवढ्यावर भागतं. कोड वाचण्याआधी मी एकच आकडा बघतो: सेल्फ मारताना आरपीएम किती दाखवतं. दोनशे-अडीचशेच्या आसपास दिसलं तर क्रँक सेन्सर ईसीएमशी बोलतोय. शून्य दिसलं तर ईसीएमला इंजिन फिरतंय हेच ठाऊक नाही, मग तो ना प्लगला करंट (ठिणगी) देणार ना पेट्रोल. क्रँक सेन्सरचा कपलर बघा, वायर कुठे बेलहाउसिंगखाली चेपली नाही ना बघा. सेन्सरच्या समोर दातांचं चक्र असतं, काही गाड्यांत पुलीमागे, काहींत फ्लायव्हीलकडे. दुसऱ्या वर्षाच्या इंजिनावर त्या दातांची संख्या वेगळी असू शकते. इंजिन हुबेहूब दिसतं, बोल्ट सगळे बसतात, आणि ईसीएमला मात्र काहीच समजत नाही. म्हणून जुन्या इंजिनाचं चक्र आणि नव्याचं चक्र शेजारी ठेवून दात मोजा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून घ्या.

आरपीएम येतंय तर प्लगचा करंट बघा. वायर हातात धरून ठिणगी उडवायची जुनी सवय सोडा, त्यानं कॉइल आणि ईसीएम दोन्ही जातात. इंजेक्टरचे कपलर काढा, जास्तीचा एक प्लग कॉइलला लावा, प्लगचं अंग जंपर वायरनं इंजिनाच्या धातूला जोडा आणि लांबून बघा. निळसर, ठळक ठिणगी हवी.

करंट आहे, पण फाट-फूट करून थ्रॉटलमधून किंवा सायलेन्सरमधून फुटतंय? मग कपलरची अदलाबदल. चार सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर बहुधा १-३-४-२. दोन कॉइलच्या गाडीत एक कॉइल १ आणि ४ ला करंट देते, दुसरी २ आणि ३ ला. दोन्ही कपलर सारखेच असतात. उलटे बसले तर ठिणगी पडते, पण नेमकी चुकीच्या वेळी. वायरीच्या रंगावरून आणि लांबीवरून ओळखा. हार्नेस जसं घडी होऊन बसलेलं होतं त्या वळणावर कपलर आपोआप आपल्या जागेपाशी येतो, ओढून न्यावा लागत असेल तर तो तिथला नाही.

करंट आहे, पंप आहे, आरपीएम आहे, आणि प्लग काढला तर कोरडा. म्हणजे इंजेक्टर फवारत नाही. इथे सीएनजी किट असलेल्या गाड्यांबद्दल मुद्दाम लिहायचं आहे, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा गाड्या भरपूर आहेत आणि या एका कारणानं माणसं नाहक नाडली जातात.

ऐरोलीचे एक काका टुरिस्टची वॅगन-आर चालवतात. इंजिन दुसरीकडे बदललं, गाडी स्टार्ट झाली नाही. दहा दिवस उभी. ईसीएम गेलाय, नवीन टाकावा लागेल असं त्यांना सांगण्यात आलं. माझ्याकडे टोइंग करून आणली तेव्हा काका उभे होते ते बॉनेटवर हात ठेवूनच, घरी हप्ता भरायचा होता. मी इंजेक्टरच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावला. एक वायर जिवंत, पण ईसीएमकडून येणारी टिक-टिक नाही. ईसीएमच्या बाजूला मोजलं तर टिक-टिक आहे. म्हणजे मध्ये कुठेतरी तुटतंय. मध्ये काय असतं? सीक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून किटच्या हार्नेसमधून फिरवून परत इंजेक्टरला आणलेल्या असतात, गॅसवर असताना पेट्रोल बंद करता यावं म्हणून. त्या हार्नेसचा एक चौकोनी कपलर बॅटरीच्या पाटाखाली, फेंडरच्या आत लोंबत होता. इंजिन काढताना निघाला होता, परत लावलाच नव्हता. दाबला, "टक" वाजलं, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. काका काही बोलले नाहीत, गाडीत बसून राहिले बराच वेळ.

तेव्हा किट असेल तर कंपनीच्या वायरिंगइतकंच किटचं वायरिंगही कागदावर लिहा. आणि तपासणी पेट्रोलवर करा, गॅसचा स्विच बंद ठेवून.

पेट्रोलचंही वय बघा. इंजिन मिळेपर्यंत गाडी दोन-तीन महिने उभी असेल, त्यातून पावसाळा असेल, तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की खाली वेगळा थर बसतो, आणि पंप खालूनच ओढतो. दोन थर दिसले तर ती टाकी रिकामी करा.

प्लग उलट ओले चिंब असतील तर इंजिन पेट्रोल प्यायलंय. प्लग काढून वाळवा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी ईसीएम पेट्रोल बंद करतो आणि हवेनं सिलिंडर मोकळे होतात.

एवढं सगळं ठीक असेल तरच कॉम्प्रेशन. सेल्फचा आवाजच सांगतो: तालात उम्-उम्-उम् न येता शिलाई मशीनसारखा सरळ, पटपट फिरत असेल तर सिलिंडरमध्ये दाब नाही. पंपाचा फ्यूज काढा, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कपलर काढा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गेज लावा. पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते २०० पीएसआय यायला हवं, पण आकड्यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरचा दोष. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट एक-दोन दात सरकलाय, किंवा पेट्रोलनं रिंगा धुतल्या आहेत. चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर टायमिंग किंवा व्हॉल्व्ह. स्क्रॅपमधल्या इंजिनाचा बेल्ट विकणाऱ्यानं बदलला असं सांगितलं तरी कव्हर काढून खुणा आपल्या डोळ्यांनी बघा. क्रँकची खूण, कॅमची खूण, मग हातानं दोन फेरे, मग पुन्हा खुणा.

स्टार्ट होते आणि लगेच मरते

इथे बहुधा हवा चोरवाटेनं जातेय. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप मॅनिफोल्डला परत लावला का? मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा बारीक पाइप? हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्या पुढच्या रबरी बेलोला चीर नाही ना? स्टार्ट होऊन दीड-दोन सेकंदांतच नेमानं बंद होत असेल तर पुन्हा इमोबिलायझरकडे वळा, काही गाड्यांत तो असाच वागतो. आणि एक गोष्ट, जी मी स्वतः केली आहे: इंजिन बाहेर असताना इनटेकच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा घातला होता, तो तसाच आत राहिला आणि त्यावरच थ्रॉटल बॉडी बसवली. तीन तास गेले. आता मी बोळे घालत नाही, तोंडावर लाल टेप लावतो, कारण लाल टेप विसरता येत नाही.

चालू झाल्यावर

खरं तर पहिल्या स्टार्टच्या आधीच एक काम करून घ्या. बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनात ऑइल खाली उतरलेलं असतं. पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कपलर काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये थांबत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावा. स्टार्ट झाल्यावर दिवा पुन्हा लागला आणि चार-पाच सेकंदांत गेला नाही तर ताबडतोब बंद करा. गाडी चालू असताना अल्टरनेटर बघायला म्हणून बॅटरीचा टर्मिनल काढू नका, मीटर लावा, साधारण १३.५ ते १४.५ दाखवायला हवं. हिटर पूर्ण गरमवर ठेवून कुलंटमधली हवा काढा आणि पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नका.

कागदांचं काम याच आठवड्यात करा. आरसी बुकावर जुना इंजिन नंबर आहे. ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याचं बिल, त्यावर इंजिन नंबर, हे इंजिन घेतानाच मागून घ्या, नंतर कुणी देत नाही. आरटीओत बदलाची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. दुसऱ्या प्रकारचं इंजिन टाकायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करण्यावर बंधनं आहेत. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही तर क्लेम अडतो, आणि तेव्हा धावाधाव करून उपयोग होत नाही.

बाईंना मी सोमवारी सकाळी गाडी दिली आणि सांगितलं, दोनशे किलोमीटर झाले की परत घेऊन या. तुम्हीही तेवढं करा. माउंटिंगचे आणि अर्थिंगचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, मीटर लावून बॅटरीची निगेटिव्ह ते ब्लॉक तो अर्धा व्होल्ट पुन्हा मोजा, आणि कुलंटची पातळी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. बाई आल्या तेव्हा ०.२ चं ०.३ झालं होतं. बोल्ट पाव फेरा अजून बसला.